बळीरामच्या इटलीत अडीच तास

पाहुणा जेवायला किती वेळ घेईल, या अंदाजात चूक झाली तर माणसाची अकरा वर्षे वाया जाऊ शकतात, ही गोष्ट टिपणीस मास्तरांच्या वाचनात कुठेही आलेली नव्हती. आणि मास्तरांचे वाचन थोडेथोडके नव्हते. पनवेलच्या शाळेत संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी शिलालेख वाचण्याची विद्या एकट्याने, कोणाच्याही मदतीवाचून आणि बहुतेकांच्या हसण्याला न जुमानता साध्य केली होती. अकरा वर्षांपूर्वी सुकापूरच्या एका शेताच्या बांधावर त्यांना एक शिळा सापडली होती, आणि तेव्हापासून ते तिच्यातच होते. वर चंद्रसूर्य, मध्ये चौदा ओळींचा लेख आणि खाली, दान मोडणाऱ्याला शाप म्हणून कोरलेले गाढव. शिलाहारांच्या काळी खाडीकाठच्या मिठागरांचे उत्पन्न एका देवळाच्या दिवाबत्तीला लावून दिले होते, असे त्या चौदा ओळी सांगत होत्या. निदान मास्तरांना सांगत होत्या. पुण्याच्या विद्वानांना त्या काहीच सांगत नव्हत्या, कारण पुण्याच्या विद्वानांनी त्या वाचलेल्या नव्हत्या. तिथल्या त्रैमासिकाकडे मास्तरांनी निबंध दोनदा पाठवला आणि दोनदा तो परत आला. दुसऱ्या खेपेस संपादकांनी कृपाळूपणे कारणही कळवले. लेखकाचे नाव या क्षेत्रात परिचित नाही. एखाद्या मान्यवर पंडिताने शिळा पाहून पाठास अनुमोदन दिल्यास विचार करता येईल. परिचित नाही म्हणून छापायचे नाही, आणि छापलेले नाही म्हणून परिचित नाही, या प्रकारास न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय नावाचा दोष म्हणतात. पुण्यात त्याला धोरण म्हणतात.

मान्यवर पंडित मिळाला तोही थेट इटलीहून. कोकणातल्या ताम्रपटांविषयी प्रोफेसर मार्तिनेल्ली यांचा शब्द पुण्यातही शेवटचा मानला जाई. मास्तरांच्या सात पत्रांपैकी दोहोंना त्यांनी उत्तर दिले होते, आणि दुसऱ्या उत्तरात लिहिले होते की डिसेंबरात आपण मुंबईहून मोटारीने पुण्यास व्याख्यानाला जात आहोत. बारा ते अडीच पनवेलीस थांबता येईल. मास्तरांनी अलिबागेस जाऊन अनुमोदनाचे पत्र टंकलिखित करून आणले. त्याचे पहिले वाक्य असे होते : ‘सुकापूर येथील शिलालेख मी प्रत्यक्ष पाहिला असून श्री. टिपणीस यांचा पाठ मला मान्य आहे.’ खाली सहीपुरती जागा कोरी ठेवली होती.

इथवर सर्व शास्त्रोक्त होते. मग दयारामशेठना बातमी लागली.

दयारामशेठ भाताच्या गिरणीचे मालक, नगरपालिकेचे सभासद आणि गावात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वयंघोषित यजमान. ते शाळेतच आले.

“मास्तर, इटलीचा माणूस आपल्या गावात येणार, आणि आपण त्याला दगड दाखवणार?”

“ते दगडासाठीच येताहेत.”

“येऊ देत की. पण उपाशी जातील काय? आणि गावात इटली असताना मी त्यांना घरचा वरणभात घालू?”

गावातली इटली पुण्याच्या रस्त्यावर, मोटारी थांबतात तिथे, कौलारू पडवीत वसलेली होती. सहा टेबले, बारा बाके आणि ‘इटली भोजनालय’ अशी निळ्या रंगातली पाटी. तिचा धनी बळीराम, गव्हाणचा आगरी. मराठा पलटणीतून लढाईवर गेला, इटलीच्या डोंगरात पायाला गोळी लागली, आणि बर्फाचे दोन महिने एका शेतकरी म्हातारीच्या घरात पडून काढले. पाय बरा होईपर्यंत करायला दुसरे काही नसल्याने तो चुलीपाशी बसून राही. लढाईतून कोणी पदके आणली, कोणी दुखणी. बळीरामने म्हातारीचा स्वयंपाक आणला. मुंबई-पुण्याचे ट्रकवाले त्याच्याकडे निमूटपणे काय मिळेल ते खात आणि त्यालाच इटली समजत.

मास्तरांनी विचार केला. ताट एकदाच वाढले जाते. डावी बाजू, उजवी बाजू, भात, भाकरी, कालवण, सगळे एकाच वेळी समोर येते. जेवणाऱ्याने फक्त हात चालवायचा. वीस मिनिटे. हात धुवायला आणि आभार मानायला दहा. साडेबाराला उठले, तर मोटारीने सुकापूर पाव तासाच्या आत. शिळेपाशी दीड तास उरतो. मास्तर जेवणाला कबूल झाले.

प्रोफेसर बाराला दहा कमी असताना उतरले. उंच, पांढऱ्या मिशांचे, डोळ्यांत आर्जव असलेले गृहस्थ. मास्तरांनी सहा महिने व्याकरण घोकून तयार केलेले स्वागताचे इटालियन वाक्य म्हटले. प्रोफेसरांनी इंग्रजीतून त्यांचे मनापासून आभार मानले. मग बळीराम फडक्याला हात पुसत पुढे आला आणि एका दमात काहीतरी बोलला. प्रोफेसर जागच्या जागी थबकले. ती भाषा ग्रंथांतली नव्हती; त्यांच्याच मुलखाशेजारच्या डोंगरातली, गुरे हाकताना बोलतात ती होती. त्यांनी बळीरामचे दोन्ही खांदे धरले. चौथी इयत्ता शिकलेला माणूस इटालियनात विनोद करत होता, आणि मास्तर, ज्यांना त्या भाषेची सगळी काळरूपे पाठ होती, बगलेत शिळेवरून घेतलेल्या ठशाच्या कागदाची गुंडाळी आणि कागदपत्रे धरून दारात उभे होते.

“मास्तर, बसा की तुम्हीही,” दयारामशेठ म्हणाले.

“मी नंतर बसेन. आपले आटोपले की निघायचे आहे.”

पहिल्यांदा आला लसूण चोळलेला भाजका पाव, वर टोमॅटो. प्रोफेसरांनी खाल्ला. मास्तर ताटाची वाट पाहू लागले. ताट आले नाही. दहा मिनिटांनी एक वाडगा आला. त्यात तिसऱ्यांचे, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचे, सार होते.

“बळीराम,” मास्तर हळूच म्हणाले, “सगळे एकदम आण. वेळ नाही.”

“तसा नाय चालत, गुर्जी. म्हातारीनं बजावलंय मला. सगला एकदम वाढला तं मानसाला चवच कलत नाय. एक झाला का दुसरा.”

“एकूण किती आहेत?”

बळीरामने बोटांवर मोजले. दुसऱ्या हाताचे बोट लागले तेव्हा मास्तरांनी घड्याळाकडे पाहिले.

आता इटालियन रीत एवढीच असती, तरी मनुष्य त्यातून वाचला असता. पण बळीरामने इटली आणताना गव्हाण सोडले नव्हते. वाडगा रिकामा झाला की तो लगेच भरला जाई, कारण पाहुण्याचे पान रिकामे दिसणे हा यजमानाचा अपमान. आणि तो भरला गेला की प्रोफेसर तो निपटून रिकामा करत. दयारामशेठ शेजारी बसून “अजून वाढ, लाजतायत ते,” असे बळीरामला सांगत होते. दोन देशांच्या शिष्टाचारांनी एकमेकांच्या गळ्यात गळा घातला होता, आणि मध्ये शिलाहारांचा जीव घुसमटत होता.

मास्तर प्रोफेसरांच्या कानाशी वाकले. “प्रोफेसरसाहेब, इथे रिकामे पान म्हणजे आणखी वाढा, असा अर्थ घेतात. थोडे टाकून द्या, म्हणजे थांबतील.”

प्रोफेसरांनी चमचा खाली ठेवला. “पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्या आईने आम्हांला बटाट्याच्या साली उकडून घातल्या, मिस्टर टिपणीस. पानात टाकायला मी शिकलो नाही.”

 मास्तरांनी स्वतःच शाळेत डबा टाकणाऱ्या मुलांच्या तळहातावर छड्या दिल्या होत्या.

पाऊण वाजता वाइनसारख्या तांबड्या पेयाचे पेले आले. प्रोफेसरांचा चेहरा उजळला, आणि पहिल्या घोटाला प्रश्नार्थक झाला.

“आमसुलाचा सरबत हाय,” बळीराम ओशाळून मराठीतच म्हणाला. “दारूबंदी हाय ना साहेब. रंग तेवढा जमला.”

सव्वा वाजता भामा आली. बळीरामची बायको, हातात परात, परातीत गव्हाच्या पिठाच्या इवल्या वाट्या, टोमॅटोच्या रश्शात शिजवलेल्या. प्रोफेसरांनी एक वाटी चिमटीत धरून उजेडाकडे नेली. तिच्या पोटात अंगठ्याचा ठसा होता, आणि कडेला नखाची रेघ.

“हे असेच माझी आजी करी,” ते मास्तरांना म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला होता. “अंगठ्याने, इथे दाबून. यांना कोणी शिकवले? विचारा ना.”

मास्तरांनी विचारले.

“आयशीनं,” भामा म्हणाली. “लग्नाच्या रुखवताला गव्हले, नखुले करतात ते येत व्हतं. यांनी सांगितला का तिकरं बी आसाच करतात, मी म्हटला, मंग त्यात इटलीचा काय हाय?”

दयारामशेठ खो खो हसले. मास्तरांनी भाषांतर केले. प्रोफेसरांनी खिशातून वही काढली. काळ्या कातडी बांधणीची, बारीक अक्षराने भरलेली. अशाच एखाद्या वहीत मास्तरांना गेली दोन वर्षे आपला शिलालेख लिहिलेला दिसत असे, झोपेतही. प्रोफेसरांनी कोरे पान काढून ‘गव्हले’ हा शब्द शास्त्रशुद्ध रोमन लिपीत, ल आणि ळ यांतल्या फरकाविषयी मास्तरांना दोनदा विचारून, लिहून घेतला. मग ‘नखुले’. मग भामाला अंगठा कसा फिरतो ते पुन्हा करून दाखवायला सांगून त्याचे चित्र काढले. दोन पाने झाली. इतकी काटेकोर, इतकी निष्ठावान, इतकी निर्दोष टिपणे मास्तरांनी आयुष्यात पाहिली नव्हती. आपल्याला हवा होता तो वाचक हाच, याविषयी त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. तो पिठाच्या गोळ्यात नाक खुपसून बसला होता, एवढेच.

“प्रोफेसरसाहेब, दीड वाजून गेला.”

“हो, हो. झालेच.”

झाले नाही. जिताडा मासा आला, अख्खा, आणि त्याचे काटे काढण्याची रीत बळीरामने प्रात्यक्षिकासह समजावली. जिताड्यानंतर नुसता हिरवा पाला आला, कारण तिकडे पाला शेवटी खातात. पाल्यानंतर पेरू. पेरूनंतर दयारामशेठनी मुखवासाची डबी उघडली आणि एकेक पदार्थाची ओळख करून दिली. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला तेव्हा अडीच वाजून पाच मिनिटे झाली होती.

प्रोफेसर उभे राहिले. आपण काय केले ते त्यांच्या आताच ध्यानात आले असावे, कारण त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

“शिळा किती लांब आहे?”

“दोन मैल.”

“सहाला व्याख्यान आहे.” त्यांनी घाटाच्या दिशेला पाहिले. “मी अपराधी आहे, मिस्टर टिपणीस.”

तेवढ्यात बळीरामने एक कोरा कागद पुढे केला. आपल्या खानावळीविषयी साहेबांनी दोन शब्द लिहावेत, भिंतीवर लावीन. प्रोफेसरांनी उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या, खाली झोकदार सही केली. त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

“साहेब, मास्तरांचाही एक कागद आहे,” दयारामशेठ म्हणाले, आणि मास्तरांच्या कागदपत्रांतून त्यांनी ते टंकलिखित पत्र अलगद ओढून टेबलावर ठेवले.

प्रोफेसरांनी ते वाचले. चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. “हे तर सोपे आहे. तुमच्या पत्रांवरून तुमचा अभ्यास मला ठाऊक आहे. ठसा द्या, वाटेत मोटारीत पाहतो.” पेन उघडेच होते. त्याचे टोक कोऱ्या जागेवर टेकले.

अकरा वर्षे त्या टोकाच्या आणि कागदाच्या मध्ये होती. मास्तरांनी हात पुढे केला आणि पत्र ओढून घेतले. पेनाची एक तिरपी रेघ कागदावर उमटली.

“यात आपण शिळा प्रत्यक्ष पाहिली आहे, असे म्हटले आहे.”

“ते औपचारिक वाक्य आहे.”

“क्षमा करा. बाकीचे पत्र औपचारिक आहे. तेवढे एकच वाक्य खरे असायला हवे होते.”

प्रोफेसर लाल झाले. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मान खाली घातली. ठशाची गुंडाळी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, पुण्याहून लिहीन म्हणाले, बळीरामला पुन्हा एकदा कवटाळले, आणि मोटार खोपोलीच्या दिशेने निघून गेली.

दयारामशेठ दारातून परतले. “चला, झालं काम. दाखवा बघू सही.”

“नाही झाली.”

“म्हणजे? पेन टेकलं होतं की!”

“मी करू दिली नाही.”

दयारामशेठ बाकावर बसले. 

“मास्तर, पंचवीस वर्षं मी साहेबलोकांच्या सह्या घेतोय. इंग्रजांच्या घेतल्या, आता आपल्यांच्या घेतो. उपाशी साहेब कागद वाचतो. जेवलेला साहेब सही करतो. तुम्हाला काय वाटलं, मला त्या इटालियनाचा पुळका आला होता? तुमच्यासाठी बसलो मी इथे अडीच तास! बळीरामला सकाळीच सांगून ठेवलं होतं, ढेकर दिल्याशिवाय साहेबाला उठू द्यायचा नाही.”

“व्हय गुर्जी,” बळीराम खाली पाहत म्हणाला. “तुमचा कागद अडलाय आसा शेटनी सांगला. भामा पाटे चारला उठली.”

मास्तरांचा संताप दुपारभर एका माणसाच्या शोधात होता. आता समोर तीन माणसे उभी होती, आणि तिघांनीही त्यांच्यावर उपकार केला होता.

“मला सही नको होती, शेठ. मला वाचणारा हवा होता.”

“अहो, सही झाली असती तर छापून आलं असतं. छापून आलं असतं तर पुण्यानं वाचलं असतं. एकाच्या जागी शंभर वाचणारे!”

मास्तरांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि टोपी उचलली.

“गुर्जी, घासभर खाऊन जावा,” भामा म्हणाली. “सकालधरना पोटात काय नाय तुमच्या.”

“भूक नाही, भामाबाई.”

“खा हो मास्तर,” दयारामशेठ मागून ओरडले. “पोट रिकामं असलं की माणसाला तत्त्वं सुचतात!”

मास्तर पायरीवर थांबले. आतून लसणीचा आणि भाजलेल्या टोमॅटोचा वास येत होता, आणि त्यांना खरोखरीच कडकडून भूक लागली होती. आपणही बाराला पाहुण्याशेजारी बसलो असतो, पावापासून पेरूपर्यंत सगळे जेवलो असतो, तर अडीचला आपला हात पुढे झाला असता काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःपाशी फार प्रामाणिकपणे शोधले. ते सापडेना. आत परत जाऊन पोटभर जेवावे आणि मग पाहावे, एवढाच एक उपाय होता. पत्रावरची ती तिरपी रेघ त्यांनी खिशातल्या खिशात बोटाने चाचपली, आणि ते उपाशीच घरी गेले.