आपल्याच दोरावर

दोरखंडांच्या कारखान्यात नव्या साहेबांनी भिंतींना पिवळा रंग दिला, हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टांगली आणि बाहेरून एका बाईंना बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवत हसायला लावलं. कामगार हसले. बाई गेल्यावर पुन्हा तोंडं पाडून यंत्रांपाशी उभे राहिले.

पीळ घालणाऱ्या यंत्रावरची मावशी मात्र हसलीच नव्हती. कशालाही तिचा नन्नाचा पाढा ठरलेला, म्हणून सगळे तिला नन्नामावशीच म्हणत.

"साहेब, हसवताय कशाला?" ती म्हणाली. "आम्ही वळलेला दोर जातो कुठं, तेवढं सांगा."

साहेबांना ते लागलं. चार दिवसांनी ते सगळ्यांना अग्निशमन दलाच्या सरावाच्या मनोऱ्यावर घेऊन गेले. तिथं जवान त्यांच्याच कारखान्यातल्या दोरावरून सरसर उतरत होते.

"कुणी उतरून बघणार?" जवानांच्या प्रमुखानं विचारलं.

"मी," नन्नामावशी बोलून गेली.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" तिच्याच हाताखाली काम करणारी तिची जाऊ ओरडली.

"फिरलं असेल. बांधा हो मला."

कमरेला पट्टे आवळले. एक जवान तिच्याबरोबर कठड्याबाहेर आला. "मागं रेला, मावशी."

तिनं डोळे मिटले आणि अंग सोडलं. दोर कर्रकन ताणला गेला आणि थांबला.

डोळे उघडले तर खाली छपरं, झाडं, मुंग्यांसारख्या गाड्या. पायांखाली नुसता वारा. आणि डोळ्यांसमोर अंगठ्याएवढा जाड दोर, थेट आभाळात गेलेला. त्याचा पेड न् पेड तिच्या ओळखीचा होता, पण तो सबंध माणूस असा अलगद पेलतो हे तिनं कधी अनुभवलं नव्हतं.

"मागच्या महिन्यात असल्याच दोरावरून एक बाळंतीण उतरवली," जवान म्हणाला. "बाळासकट."

"असल्याच?"

"हो. गाठी आम्ही तपासतो. दोराचं तुमच्यावर सोपवलेलं असतं."

खाली टेकल्यावरही तिची मूठ सुटेना. जावेनं विचारलं, "कसं वाटलं गं?" मावशीच्या गालांवरून नुसतं पाणी वाहत होतं. जाऊ तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, "मलाही बांधा."

दुसऱ्या दिवशी मावशीनं चालतं यंत्र बंद केलं. साहेब धावत आले. "काय झालं? दोर तर चांगला दिसतोय."

"दिसतोय. पण एक पेड सैल पडलाय," ती म्हणाली. "ह्याच्यावरून कुणी उतरायचं नाही."

आणि तिनं दोर कापला.