खिडकीतला काप

"आमच्या वेळी हॅलोवीनला मनुकांचा एक गोड पाव, एक ब्रॅक भाजला की झालं. आता म्हणे बोटं खायची," नोराआजी पुटपुटली. इतकं हळू, की शेजारी पीठ मळणाऱ्या ऊनालाच ऐकू जावं. ऊनाने हसू दाबलं. सासूबाई कुरकुरत होत्या, म्हणजे घर अजून जागेवर होतं.

टेबलाच्या पलीकडे पोरं चेटकिणीची बोटं वळत होती. बिस्किटाच्या पिठाची लांब वळी, सांध्यांवर सुरीच्या रेघा, टोकाला बदामाचं नख आणि नखाखाली रक्त म्हणून मुरंबा. थोरल्या बहिणीची, डर्वलाची, बोटं सुबक होती, धाकट्या मॅलखीची गाजरासारखी. त्यातलं एक फारच वाकडं झालं, तेव्हा ते आजीचं म्हणून त्याने जाहीर केलं. आजीने आपलं संधिवाताचं बोट शेजारी धरून पाहिलं आणि नख तेवढं मोठं झालंय, म्हणाली.

ऊनाने चहात भिजवलेल्या मनुका ब्रॅकच्या पिठात मिसळल्या आणि गोळा भांड्यात ठेवला. त्यात भविष्य सांगणाऱ्या वस्तू लपवायचा मान घरात सर्वांत लहान असेल त्याचा. ज्याला नाणं मिळेल तो श्रीमंत, ज्याला चिंधी मिळेल तो भिकारी, आणि अंगठीवाल्याचं वर्षाच्या आत लग्न. सगळ्यांनी तोंड फिरवलं आणि मॅलखीने जीभ बाहेर काढून काम उरकलं.

खरं तर ऊनाचा जीव दुसरीकडेच होता. या संध्याकाळी गेलेली माणसं घरी येतात. पहिला काप त्यांचा, खिडकीत, मेणबत्तीपाशी. आजवर तिथे एकच काप जायचा, आजोबांचा. यंदा किती?

तिच्या नवऱ्याची, फिंटनची, होडी हिवाळ्यातल्या वादळात गेली होती. फळ्या किनाऱ्याला लागल्या, तो लागला नाही. तेव्हापासून या घरात तो 'बाहेर' होता. त्याचे बूट दाराशी होते आणि आजी दर शनिवारी त्यांना चरबी चोळायची. दोन काप ठेवले, तर ते बोलून टाकल्यासारखंच. एकच ठेवला आणि तो खरंच आला, तर आपल्याच घरात उपाशी राहील.

ओव्हन उघडला तशी पोरं मागे सरकली. बोटं फुगली होती, सांधे उठून आले होते, नखांखालचं लाल अजून उकळत होतं. त्यांनीच वळलेली ती बोटं आता त्यांनाच ओळखू येईनात. मॅलखीने बहिणीचा हात धरला.

हात धुताना ऊनाला आठवलं. मळायच्या आधी ओट्यावर काढून ठेवलेली तिची लग्नाची अंगठी तिथे नव्हती.

"डब्यातली पितळेची अंगठी सापडली नाही," मॅलखी म्हणाला, "म्हणून तुझी टाकली."

ब्रॅक तर ओव्हनमध्ये फुगत होता. ती नुसती बोटावरचा पांढरा वळ चोळत उभी राहिली.

अंधारून आल्यावर आजीने ब्रॅक कापला. आजोबांचा काप खिडकीत गेला. मग जिवंतांचे. डर्वलाला नाणं मिळालं. मॅलखीला चिंधी मिळाली, तेव्हा आजी म्हणाली, तू आज दारोदार गोळ्या मागत फिरणारच आहेस, ब्रॅकला आधीच कळलं. आजीच्या कापात फक्त मनुका. ऊनाच्याही.

आजीने सुरी खाली ठेवली. उरलेल्या ब्रॅककडे सगळे पाहत होते आणि कुणीच पाहत नव्हतं.

ऊनाने सुरी उचलली. मधेच पातं कशाला तरी टेकलं, सरकलं, आणि काप आडवा पडला. काळ्याभोर मनुकांमध्ये अंगठी चमकत होती, अंगावर अजून वाफ.

"मी तर त्या टोकाला खुपसली होती," मॅलखी कुजबुजला.

मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलत नव्हती. ऊनाने अंगठी काढून घेतली नाही. काप तसाच दोन्ही हातांत धरून, भरलेली वाटी न्यावी तशी, ती खिडकीकडे निघाली. मागून आजीचा आवाज आला, नेहमीचाच, कुरकुरल्यासारखा.

"थांब. लोणी लाव त्याला. कोरडा ब्रॅक जिवंतपणी कधी खाल्ला नाही त्याने." मग लोण्याचं भांडं पुढे सरकवत ती म्हणाली, "माझं पोर गेलं गं, ऊना."