हाताला येणारं इंग्रजी

“अहो, नळ बंद करा आधी, मग काय ते इंग्रजी झाडा!” बायको करवादली.

“टर्न इट ऑफ,” पंप मेकॅनिक पुटपुटला आणि मगच त्यानं नळ बंद केला.

तीन महिने घरात हेच चाललं होतं. पंखा लावताना ‘टर्न ऑन’, बादली भरताना ‘फिल अप’. हे जोडशब्द बसून पाठ केले की सकाळपर्यंत उडून जात. काम करता करता म्हटले की राहत. शिकवणी लेकीची. ती म्हणे, “बाबा, तुमचं इंग्रजी जुन्या मॅन्युअलमधलं. असं कोण बोलतं हो?” आणि रोजच्या बोलण्यातले शब्द वहीत लिहून देई.

कारखान्यात नवा पंप आला होता. तो बनवणाऱ्या परदेशी कंपनीचा इंजिनिअर फोनवरून इंग्रजीत परीक्षा घेणार होता. बोलणं जमलं तर सव्वीस वर्षं सांभाळलेलं पंपघर मेकॅनिककडेच राहणार. नाहीतर त्याची रवानगी गोदामात.

परीक्षेला कारखान्याच्या साहेबांनी त्याला आपल्या केबिनमध्ये गुबगुबीत खुर्चीवर बसवलं. पंप सुरू कसा करतोस, इंजिनिअरनं विचारलं. मेकॅनिकचा हात हवेतच चाक फिरवू लागला, शब्द मात्र आठवेना. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“साहेब, फोन घेऊन पंपाजवळ जाऊ या?”

“अरे, तिथं आवाज किती!”

“तो ओळखीचा आहे, साहेब.”

पंपघरात त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून फोन साहेबांनी धरला. व्हॉल्व्हच्या चाकाला हात लागला आणि मेकॅनिक बोलत सुटला. ‘फिल इट अप’ म्हणत पंपात पाणी भरलं, ‘लेट द एअर आउट’ म्हणत अडकलेली हवा सोडली, ‘टर्न इट ऑन’ म्हणत बटण दाबलं. तो पंपाभोवती फिरत होता, साहेब फोन पुढे धरून त्याच्यामागे.

पलीकडे इंजिनिअर मोकळेपणी हसला. “यू पिक्ड इट अप वेल!”

हा शब्द वहीत नव्हता. तरी कळला.

“काय म्हणाला?” पंपाच्या घरघरीत साहेबांना ऐकू आलं नव्हतं.

“चांगलं उचललंस म्हणाला.”

घरी त्यानं दारातूनच सगळं सांगून टाकलं, पंपघर आपल्याकडेच राहिलं तेही. “बसा तरी आधी,” म्हणत बायको पाणी आणायला आत गेली. नळ वाहिला. मग ती हलकेच, कुणी ऐकू नये अशा बेतानं म्हणाली, “टर्न इट ऑफ.”

नळ थांबला.

बाहेर तो न ऐकल्यासारखा, मान खाली घालून, बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.