शेजारच्या गावाची बाजू

तिन्ही गावांच्या अध्यक्षांचं एका बाबतीत कायम एकमत असे, ते म्हणजे चूक नेहमी बाकीच्या दोघांची. मागे कचऱ्याची मोठी गाडी भागीत घ्यायचं ठरलं, तर ती सकाळी आधी कोणाच्या गल्लीत शिरणार यावर इतका काथ्याकूट झाला की तोवर त्या गाडीचं उत्पादनच बंद पडलं. त्यामुळे तिघांत मिळून एक डायलिसिस केंद्र होणार अशी बातमी आली, तेव्हा टेकडीवरच्या गावाने ती एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिली. कान टवकारले ते फक्त ज्यांच्या घरात कोणाची मूत्रपिंडं निकामी झाली होती त्यांनी.

ताई त्यांतल्याच एक. ताई म्हणजे टेकडीवरच्या गावाच्या नगराध्यक्षा. त्याआधी अर्धं आयुष्य त्या शाळेचे गणवेश शिवायच्या, त्यामुळे निम्म्या मतदारांची कमरेची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि सभेत आवाज चढवणाऱ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं तरी तो जरा वरमत असे. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. आठवड्यातून तीनदा ते पहाटेच्या बसने मोठ्या शहरात जात, तिथे चार तास यंत्राला जोडून पडून राहत आणि अंधार पडता पडता घरी येत, ते पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखे. त्या दिवशी दुकानाच्या दाराला ‘आज बंद’ अशी पाटी लटकत असे. दुखण्यापेक्षा त्यांना त्या पाटीचंच जास्त लागे.

केंद्र आपल्या गावात यावं, हे ताईंनी मनाशी पक्कं केलं होतं. जुन्या वाचनालयाचा तळमजला रिकामा होता, घरापासून चालत जाण्यासारखा. यजमानांनी चहा पिऊन जावं आणि जेवायला घरी यावं, एवढंच चित्र त्या रोज डोळ्यांपुढे आणत. गावात कुजबुजही सुरू झाली होती की ताई नवऱ्यासाठी केंद्र ओढून आणणार. काहींना त्याचं कौतुक होतं, काहींनी नाकं मुरडली. ताईंनी दोन्हीकडे दुर्लक्ष केलं, पण कुजबुज त्यांना झोंबली होती हे खरं.

दुसरं दावेदार होतं नदीकाठचं गाव. तिथले अध्यक्ष बेकरी चालवायचे. अंगाने भरलेले, बोलताना हात पिठात असल्यासारखे मळत राहणारे, आणि दिलेला शब्द न विसरणारे. ही शेवटची खोड राजकारणात जरा अडचणीचीच. तिसऱ्या, सगळ्यांत लहान गावाच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना सगळे हेडबाई म्हणत. आपल्या गावात धड इमारत नाही, तेव्हा आपण शर्यतीत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं आणि म्हणून बैठकीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं.

पहिल्या बैठकीत ताई आणि बेकरीवाले दोघेही आपापल्या गावाचं घोडं पुढे दामटत राहिले. चहा दोनदा गार झाला. शेवटी हेडबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पुढच्या वेळी कोणी आपल्या गावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही यांच्या गावात जाऊन या, हे तुमच्या गावात येतील. बरोबर त्या गावचा अध्यक्ष नको. आणि इथे येऊन एकमेकांची बाजू मांडा. कामचुकारपणा केलात तर मला कळेल. तुम्हा दोघांचेही निबंध मी तपासलेत.”

ते खरंच होतं. दोघेही त्यांच्या शाळेचे, आणि दोघांनीही कधीकाळी निबंध कॉपी केलेले.

ताई नदीकाठच्या गावात गेल्या त्या कुठे काय खोट दिसतेय ते शोधायलाच. पण खोट काही सापडेना. टपाल कचेरीमागची इमारत हवेशीर होती, दारापर्यंत गाडी येत होती. एका ट्रकचालकाची बायको भेटली. नवऱ्याचा ट्रक विकून टाकला होता, पण चाकांना गंज चढू नये म्हणून तो रोज थोडा चालवा, अशी ज्याने घेतला त्याला ती अजून आठवण करून देत होती. संगीत शिकवणारी एक तरुण बाई भेटली, आठवड्यातले तीन दिवस बसमध्ये जातात म्हणून शिकवण्या सुटलेली. निघताना ताईंनी इमारतीतला नळ उघडून पाहिला. पाणी धो धो आलं. तिथल्या शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, ऐन उन्हाळ्यातही असंच येतं. ताईंनी नळ बंद केला आणि परतीच्या वाटेवर त्या पाण्याचाच विचार करत राहिल्या.

कारण डायलिसिसला पाणी लागतं, तेही पिंपंच्या पिंपं, आणि एक दिवसही न चुकता. टेकडीवरच्या गावात नवी पाइपलाइन झाली होती, तिचं उद्घाटन वाजतगाजत झालं होतं, आणि पाण्याचा प्रश्न मिटला असं आसपासच्या सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कडक उन्हाळ्यात पंपाची ताकद टेकडी चढेपर्यंत संपायची आणि नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. सध्या थंडीचे दिवस होते. बेकरीवाले येऊन कुठलाही नळ उघडतील, तर तोही धो धोच वाहणार. आणि ताईंना आपल्या गावाबद्दल अवाक्षर काढायला बंदी होती. मूग गिळून बसायला इतकी सोयीची परवानगी माणसाला क्वचितच मिळते.

बेकरीवाले येऊन गेले त्या संध्याकाळी ताईंनी यजमानांना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, की ते दुकानावर आले होते का, काय म्हणाले. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांच्या भट्टीवरचं घड्याळ मागे पडतं म्हणाले, एवढंच सांगून त्यांनी मान पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या बैठकीत आधी बेकरीवाले उभे राहिले आणि ताईंना मान्य करावं लागलं की गडी तयारी करून आला होता. वाचनालयाचा तळमजला त्याने खिडक्यांसकट उभा केला. टेकडीच्या चढावर म्हातारी माणसं बसथांब्यापर्यंत कशी टप्प्याटप्प्याने बसत जातात ते सांगितलं. नळ पाहिला, पाणी भरपूर, असंही प्रामाणिकपणे सांगितलं. मग तो माणसांवर आला. निवृत्त पोस्टमन. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी. लाँड्रीवाल्याचा थोरला भाऊ. धाकट्या मुलाच्या लग्नापर्यंत तरी टिकायचंच असं म्हणणारी विहीर खोदणाऱ्याची विधवा. प्रत्येकाबद्दल तो असं बोलला, जणू त्यांच्या घरी तो रोज पाव टाकतो.

आणि मग तो खाली बसला.

ताई वाट पाहत राहिल्या. घड्याळवाल्याचं नाव आलंच नाही. हा माणूस त्यांच्या दुकानात बसून चहा पिऊन आला होता, दाराची पाटी त्याने पाहिली असणार. विसरण्यातला तो नव्हता. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं तर तो टेबलावरची नसलेली कणीक मळत होता आणि नजर वर करत नव्हता. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं की त्याने कोणाला तरी शब्द दिला आहे. तो कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. बायकोने नवऱ्यासाठी केंद्र ओढलं असं कोणाला म्हणता येऊ नये, म्हणून भिंगाआडून मान खाली घालणाऱ्या त्या माणसाने स्वतःलाच हिशेबातून काढून टाकलं होतं. ताईंना त्याचा राग आला, आणि त्या रागाखाली माया दाटून आली. त्या उठून उभ्या राहिल्या.

त्यांनी नदीकाठच्या गावाची बाजू मांडली. ट्रकचालक सांगितला, संगीतशिक्षिका सांगितली, हवेशीर इमारत सांगितली. मग थोडं थांबून म्हणाल्या, “हेडबाई, आता मी नियम मोडणार आहे. यांनी आमचा नळ थंडीत उघडला. आमच्याकडे उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येतं. यांच्याकडे बाराही महिने येतं. यंत्र यांच्याकडेच बसवा.”

हेडबाईंनी चष्मा डोळ्यावर चढवला, ताईंकडे बराच वेळ पाहिलं आणि नियम मोडल्याबद्दल शिक्षा नंतर सांगते म्हणाल्या. ठराव बिनविरोध झाला. तिघांच्या इतिहासात पहिल्यांदाच.

बसमधून परतताना ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. गावाला काय तोंड दाखवायचं ते त्या पाहून घेणार होत्या, गाव चार दिवस बोलतं आणि पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी सापडतं. पण घरी काय सांगायचं? चहा पिऊन जा आणि जेवायला या, हे चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

दुकान उघडं होतं. यजमान एका भिंतीवरच्या घड्याळाचं पोट उघडून बसले होते. ताई दारातल्या स्टुलावर बसल्या आणि एका दमात सगळं बोलून मोकळ्या झाल्या.

“अहो, पण तुम्हाला हा मोठेपणा करायला सांगितला होता कोणी? तुमचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांना बजावलंत, आणि मला इतकं सांगावंसं वाटलं नाही?”

“तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?” घड्याळवाले म्हणाले.

मग त्यांनी भिंग उतरवून ठेवलं आणि नदीकाठच्या गावाला बसने किती वेळ लागतो ते विचारलं. ताई म्हणाल्या, अर्धा तास. घड्याळवाल्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. सकाळी लवकर गेलं तर दुपारी घरी, जरा आडवं व्हायचं आणि उन्हं कलली की दुकान उघडायचं. ते उठले, दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवलेली ‘आज बंद’ ची पाटी त्यांनी काढली, उलटी करून कोरी बाजू पाहिली आणि पुसायला फडकं शोधू लागले. इतक्या महिन्यांत ताईंनी त्यांना असं घाईत पाहिलं नव्हतं. आपण ज्यासाठी धडपडत होतो ते त्यांनी कधी मागितलंच नव्हतं, हे कळून त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

“पण बस नेहमी वेळेवर नसते,” घड्याळवाले पाटी पुसता पुसता म्हणाले. “तिन्ही गावांनी मिळून पेशंटांसाठी एक गाडी ठेवायला हवी. पुढच्या बैठकीत विषय काढ.”

“काढते.”

“आणि गाडीत जागा किती लागतील ते मोजाल, तेव्हा मला मोज.”

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन बेकरीवाल्यांना फोन लावला. तुमच्या गणतीत आमच्या गावाचा एक माणूस कमी पडलाय, त्या म्हणाल्या. बेकरीवाले म्हणाले, कमी नाही पडला, ताई, केंद्रात त्याची खिडकीजवळची जागा धरून ठेवलीये.