अर्धा आटा मागे

मार्गशीर्षातलं ऊन मोठं मायाळू. ते तापत नाही, ते पांघरतं. पंचगंगेपलीकडच्या गुऱ्हाळांवरून गोड, तांबूस धूर निघावा, वाऱ्यानं तो अलगद उचलावा आणि कोल्हापूरच्या गच्च्यांवर, वाळत्या लुगड्यांवर, उघड्या खिडक्यांवर पसरून द्यावा, असे ते दिवस. हवेला रंग होता, रंगाला वास होता. त्या शनिवारी दुपारी इंदुमती चौगुल्यांच्या खिडकीत तोच धूर येऊन बसला होता, आणि इंदुमतीचं त्याच्याकडे मुळीच लक्ष नव्हतं.

तिच्या पुढ्यात, पांढऱ्याशुभ्र पंच्यावर, एक मोटार पालथी पडली होती. तळहातावर मावेल एवढी. लाकडी फळीत कोरलेल्या खाचेत नाकाखालची खुंटी अडकवून, विजेच्या जोरावर, वारा प्यायल्यासारख्या पळणाऱ्या मोटारींच्या जातीची. वरचं कवच कडक प्लास्टिकचं, खालचा सांगाडा पितळेचा. दोघांची गाठ अजून पडायची होती.

कवच लाल. साधं लाल नव्हे, एसटीचं लाल. तिच्या नवऱ्यानं, जोतिराम चौगुल्यांनी, एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं गाड्या रंगवल्या, तेव्हा शर्यतीच्या परदेशी मोटारीलाही त्यांनी तोच लाल दिला, कमरेला पिवळा पट्टा दिला, आणि दारावर मोहरीएवढ्या अक्षरांत पाटी लिहिली : कोल्हापूर–पन्हाळा. एककेशी कुंचल्याची ती अक्षरं. काना सरळ, मात्रा ताठ, उकार डौलदार. त्यानंतरच्या पावसाळ्यात जोतिरामांचा उजवा हात थरथरू लागला, तो आजतागायत. कपाखाली बशी वाजते, सदऱ्याची गुंडी सापडत नाही, आणि चारचौघांत बसले की ते उजवा हात डाव्या हातानं गुडघ्यावर दाबून धरतात.

त्यांनी रंगवलेल्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. स्थिर हाताचं उरलेलं शेवटचं काम म्हणजे ही पाटी.

आणि पाटीच्या दोन्ही टोकांना, अगदी खेटून, चाकांच्या कमानी. त्या घासून मोठ्या केल्याशिवाय चाकं आत बसणार नव्हती. 'को'च्या पुढे तांदळाएवढी जागा, 'ळा'च्या मागे तेवढीही नाही. हात जरा घसरला की पाटी गेली. म्हणून तीन वर्षं ते कवच पेटीत पडून होतं.

"उद्या रसूलभाईंच्या वखारीत मोटारींच्या फेऱ्या हायत," जोतिराम सकाळी म्हणाले होते. "एकदा पळताना बघू दे, इंदू. पेटीत ठेवून काय लोणचं घालायचंय?"

"आणि माझ्या हातनं बिघडली तर?"

"तुझ्या हातनं?" ते हसले. "निम्मं कोल्हापूर तुझ्या दातांनी जेवतंय."

खोटं नव्हतं. इंदुमतीनं दातांच्या दवाखान्यात चाळीस वर्षं कवळ्या घडवल्या होत्या. मेणात दात रोवले, साच्यात हिरड्या ओतल्या. बोळक्या तोंडांना हसू दिलं आणि मक्याची कणसंही परत दिली. तिची बोटं आखूड, जाडसर, टोकांना चपटी. बघणाऱ्याला वाटावं, भाकरी थापायचीच ही बोटं. पण कामाला लागली की त्यांच्यात काहीतरी निराळं संचारायचं, आणि बघणारा आपोआप गप्प व्हायचा.

आता ती कामाला लागली.

घासणीचं इवलंसं यंत्र गुणगुणू लागलं. लाल भुकटी उडाली, पंच्यावर सांडली, उन्हात कुंकवासारखी चमकली. ती एक श्वास घेई, अर्धा सोडी, उरलेला छातीत धरी, आणि तेवढ्या धरल्या श्वासात कमानीचा एक कण काढी. पुन्हा श्वास. पुन्हा कण. चाक बसवून बघितलं, की कवच आणि चाक यांच्यामध्ये ती निळ्या कागदाची चिंधी सरकवी. कवळी कुठं टोचते ते शोधायला रुग्णाच्या दातांत धरायचा तोच कागद. चाक फिरवलं, की जिथं घासे तिथं निळा ठिपका उमटे. ठिपका दिसला की तेवढाच घासायचा, त्याच्या पलीकडे एक कणही नाही.

जोतिराम समोर बसून होते. बायकोचे हात त्यांनी सत्तेचाळीस वर्षं पाहिले होते, पण असे पहिल्यांदाच पाहत होते. आपला हात जिथं थांबला, तिथून हिचा हात पुढं निघाला आहे, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांना हेवा वाटला नाही. अभिमानानं डोळे भरून आले, आणि ते धुराच्या नावावर खपवून त्यांनी पुसले.

ऊन कलतं झालं तेव्हा चारही कमानी मोकळ्या झाल्या होत्या. 'को' शाबूत होता. 'ळा' शाबूत होता. ळाच्या काठाशी लाल रंगाची नुसती एक रेघ उरली होती, आणि ती पुरेशी होती.

मग कवचाच्या पोटात तिनं चार खुंट्या उभ्या केल्या, स्क्रू बसायला. त्या चिकटवल्या कवळीच्या गुलाबी मसाल्यानं.

"मोटारीला हिरड्या फुटल्या की गं!" जोतिराम म्हणाले.

"गप बसा. ओलं हाय अजून."

सांगाडा बसला. चार स्क्रू फिरले, शेवटपर्यंत, करकचून. तिनं कवच बोटांनी हलवून बघितलं. केसभरही हललं नाही. जी हलते ती कवळी कसली, हा तिच्या चाळीस वर्षांचा धर्म, आणि तो तिनं इथंही पाळला. जोतिराम काहीतरी बोलणार होते. पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान इतकं भरलेलं होतं, की त्यात बोट घालायचं त्यांच्या जिवावर आलं.

रविवारची सकाळ रसूलभाईंच्या लाकडाच्या वखारीत उजाडली ती सागवानी वासाची. उंच झरोक्यांतून उन्हाच्या तिरक्या पट्ट्या, पट्ट्यांत भुशाचे सुवर्णकण, आणि त्याखाली, कमरेएवढ्या उंचीवर, अख्ख्या वखारीभर पसरलेली, वळणावळणांची, काळी, लाकडी वाट. वाटेत खाच, खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या पट्ट्या. दर वर्षी एकदाच इथं नव्या मोटारी पळत. दहा फेऱ्या पुऱ्या केल्या, की मोटारीचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर चढे. तीनदा खाच सुटली, की मोटार बाद. आणि एक जुना नेम असा, की ज्यानं कवच बसवलं त्यानंच मोटारीचा वेग सांभाळणारा खटका धरायचा.

म्हणून खटका इंदुमतीच्या हातात आला. सहासष्टाव्या वर्षी, इरकली लुगड्याचा पदर खोचून, ती वाटेपाशी उभी राहिली.

मोटार सुटली. सरळ वाटेवर तिनं लाल रेघ ओढली आणि पहिल्याच वळणावर खाच सोडून उताणी पडली. गुलाबी हिरड्या सगळ्या वखारीला दिसल्या. कुणी हसलं नाही.

तिनं मोटार पुन्हा लावली, खटका हलक्या हातानं दाबला. तेच वळण. तोच झोका. या वेळी मोटार काठापर्यंत घसरत गेली, आणि तिचं पुढचं चाक काठाबाहेर लोंबकळू लागलं. खाली शहाबादी फरशी. कडक प्लास्टिक फरशीवर पडलं, तर त्याचे तुकडेच व्हायचे.

इंदुमतीनं मोटार उचलली आणि पदरात घेतली.

"बास झालं," ती म्हणाली. "रसूलभाई, आमची माघार. माझंच चुकलं काहीतरी. ही पडली तर मी सोताला माफ करणार न्हाई."

"वहिनी, जशी तुमची मर्जी," रसूलभाई हळूच म्हणाले.

"इंदू." जोतिराम बाकावरून उठले नव्हते. "हिकडं आण ती."

तिनं आणली. त्यांनी मोटार मांडीवर पालथी घेतली आणि स्क्रूचा पेचकस मागितला. वखार अवघडली. सगळ्यांनी नजरा तांब्याच्या पट्ट्यांवर वळवल्या. त्यांचा हात थरथरत, चाचपडत स्क्रूपाशी गेला, चुकला, पुन्हा गेला. इंदुमतीनं सवयीनं तो धरायला आपला हात पुढं केला.

"धरू नको," ते म्हणाले.

पेचकस खाचेत बसला. हात थरथरला, आणि त्या थरथरीसरशी स्क्रू मागं फिरला. अर्धा आटा. मग दुसरा स्क्रू. तिसरा. चौथा. घट्ट करायला जो हात तीन वर्षं कामाचा नव्हता, तो सैल करायला पुरेसा ठरला. त्यांनी मोटार तिच्या कानाशी नेऊन हलवली. आत बारीकशी खुळखुळ झाली.

"अवो, हलतंय की कवच!"

"हलू दे. अंगाला हलाया जागा मिळाली, की पाय वाट सोडत न्हाईत." मग तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "काल सांगणार हुतो. तुझं काम बघत बसलो आणि राहूनच गेलं. आता पाटी फुटली तरी फुटू दे. पेटीत ठेवाया लिवली नव्हती मी. सोड तिला."

इंदुमतीनं एक श्वास घेतला, अर्धा सोडला, उरलेला छातीत धरला. खटका दाबला.

लाल रेघ निघाली. वळण आलं. कवच थरथरलं, डुललं, बाहेरच्या अंगाला किंचित कललं. खालचा सांगाडा शांत राहिला, आणि खाच सुटली नाही. दुसरं वळण. तिसरं. उन्हाच्या पट्टीत शिरावी, लखलखावी, सावलीत विझावी, पुन्हा पेटावी. कोल्हापूर–पन्हाळा, कोल्हापूर–पन्हाळा, पाटी वाचता येऊ नये इतक्या वेगानं. पाच फेऱ्या. सात. नऊ. इंदुमतीला आता मोटार दिसत नव्हती, नुसतं लाल दिसत होतं, कारण डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दहावी फेरी पुरी झाली. वखारीत एकच गलका उठला. रसूलभाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर नाव लिहायला वळले.

इंदुमतीनं नवऱ्याकडे पाहिलं. जोतिराम चारचौघांत, बाकावर, उन्हाच्या पट्टीत बसले होते. उजवा हात गुडघ्यावर होता, थरथरत होता, आणि डाव्या हातानं आज तो दाबून धरला नव्हता.