लाइलचं लायसन्स

परीक्षेच्या दिवशी लाइल बकबी सगळ्यांच्या आधी येऊन शेडच्या दाराशी बसला होता, आणि तोही इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षा घ्यायला आलेल्या नरेलला तो शर्ट बघूनच कसंतरी झालं. इतक्या वर्षांच्या ओळखीत या माणसाला तिने इस्त्रीच्या कपड्यांत पाहिलं होतं ते मुलीच्या लग्नात, आणि मग थेट मार्चमध्ये, त्याच्या बायकोला, ग्लेंडाला, पोचवायला गेले तेव्हा.

"इस्त्री कुणी केली?" कुलूप काढता काढता तिने विचारलं.

"मीच. एक बाही जळली. म्हणून दुमडून घेतलीय."

"आग अडवणाऱ्या माणसाने शर्ट जाळावा म्हणजे कमाल आहे."

"म्हणूनच परीक्षेला बसवताय ना मला."

ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, रॉक्लीच्या गोदामांमध्ये ही पत्र्याची शेड होती. आत नुसत्या भिंती उभ्या होत्या. ना छत, ना खोल्या. रांगेने भिंती, आणि प्रत्येक भिंतीला भोकं. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, कुणीतरी घर बांधता बांधता कंटाळून निघून गेलंय. पण लाइल आणि नरेल यांच्या धंद्यात भोक हीच भाकरी. प्लंबर येतो, भोक पाडतो, पाइप घालतो, जातो. इलेक्ट्रिशियन येतो, भोक पाडतो, तारा ओढतो, जातो. मागाहून ही माणसं येतात आणि ती भोकं अशी बुजवतात, की एका खोलीतली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये. मग वर छत लागतं आणि सगळं झाकलं जातं. काम बरं झालं की वाईट, हे फक्त आगच सांगू शकते, आणि ती काही रोज येत नाही.

पूर्वी हातात सीलंटची, म्हणजे फटी भरायच्या लुकणाची, बंदूक धरता आली की कुणीही हे काम करायचा. आता लायसन्स लागतं. लाइल एकसष्ट वर्षांचा, स्वतःची गाडी घेऊन एकटाच कामं घेणारा. त्याच्या बिल्डरने त्याला सरळ सांगितलं होतं: नव्या वर्षात कागद घेऊन ये, नाहीतर फाटकातून आत सोडणार नाही. आजची या वर्षातली शेवटची परीक्षा. पुढची फेब्रुवारीत. तोवर लाइलची कामं दुसऱ्याकडे गेली असती, आणि एकदा गेलेली कामं परत येत नाहीत हे त्याला कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

वाचून दाखवण्यावरच तर घोडं पेंड खात होतं. लाइलला वाचता येत नव्हतं. लहानपणी बाप मेंढ्या कातरत गावोगाव फिरायचा, पोरगं कुठल्याच शाळेत वर्षभर टिकलं नाही. हे ग्लेंडाला माहीत होतं, आणि नरेलला. मुलीला माहीत होतं की नाही, हे नरेलने कधी विचारलं नाही.

नरेलला कळलं ते फार जुन्या काळी. ती साइटवर नवी होती, एकटी बाई होती, आणि पुरुष तिच्या डब्यात खिळे टाकून हसायचे. लाइल त्यांना काही बोलला नाही. नुसतं आपल्या गाडीचं दुसरं दार उघडून म्हणाला, "इथे बसून खा. पण तुकडे सांडू नकोस, बायको मला ओरडते." त्यानेच तिला काम शिकवलं. एकदा नव्या मालाचं पत्रक त्याने तिच्यापुढे सरकवलं, "बघ गं, काय म्हणतायत." नंतर पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी तिने काही न विचारता मोठ्याने वाचून टाकलं. यावर दोघं कधी एक अक्षर बोलली नाहीत.

आणि या धंद्यात पत्रक म्हणजे देवाचा शब्द. प्रत्येक मालासोबत एक येतं. कुठेतरी भट्टीपुढे अशीच भिंत उभी करून, तसंच भोक तसंच बुजवून, जाळून पाहिलेलं असतं. ज्याने आग थोपवली ते पत्रकात लिहितात. जे जाळून पाहिलेलं नाही ते चालत नाही, मग ते कितीही देखणं असो. लाइल घरी पत्रक न्यायचा, ग्लेंडा भांडी घासून झाल्यावर ओट्याला टेकून ते वाचायची, आणि एकदा ऐकलेलं लाइलच्या डोक्यातून जायचं नाही. असा तो संसार चालला होता.

सात-आठ जण जमले. समोआचा तविता, दोन माणसांच्या रुंदीचा. आयर्लंडचा कॉर्मॅक, ज्याचं तोंड झोपेतही चालू असावं. बाकीची गप्प मंडळी. नरेलने नियम सांगितले. मग हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "कुणाला पत्रक वाचून दाखवायला माणूस हवा असेल तर मिळतो. नियमात बसतं. आपण मागायचं, मी नोंद करते, संपलं."

कुणी हललं नाही.

"मला वाचून दाखवलं की झोप येते," कॉर्मॅक म्हणाला.

"तुला वाचून दाखवायला तू गप्प कधी बसणार?" लाइल म्हणाला. सगळे हसले. लाइल सगळ्यांत मोठ्याने.

नरेलने त्याला पाण्याच्या पिंपापाशी गाठलं.

"लाइल, मी वाचते. ऑफिसातल्या बाईला तुझ्याजवळ बसवते हवं तर. दोन मिनिटांचं काम."

"चष्मा गाडीत राहिलाय, आणतो."

"लाइल."

त्याने ग्लास भरला, प्यायला नाही. "कागदावर जाईल ना ते? वाचून द्यावं लागलं म्हणून?"

"जाईल. पण तो कागद कोण बघतंय?"

"बिल्डर बघतो. त्याची ऑफिसातली पोरगी बघते. मग साइटवर सगळे बघतात." त्याने पिंपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ग्लेंडा गेल्यापासून जो तो मला जेवण आणून देतोय, नरेल. फ्रिजमध्ये लसान्याचे सात ट्रे पडलेत. आता वाचूनही द्या."

"तसं नाही रे."

"तीस वर्षं भोकं बुजवतोय मी. चित्र असतं त्यात. चित्र कळतं मला."

तिने आपला चष्मा काढून त्याला दिला. का दिला ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याने तो नाकावर चढवला आणि पत्रक समोर धरून, चर्चमध्ये लोक प्रार्थनेचं पुस्तक धरतात तसा, गंभीरपणे मान हलवत राहिला. इकडे तिला सगळं अंधुक दिसत होतं.

काम सुरू झालं. प्रत्येकाला एक भिंत: तांब्याचा एक पाइप, प्लॅस्टिकचा एक, आणि तारांचा एक जुडगा. लाइलचा हात बघत राहावा असा होता. प्लॅस्टिकच्या पाइपाला त्याने आगीत फुगून पाइप चिरडणारी कॉलर बसवली, चारी स्क्रू पक्के. तारा त्याने एकत्र घेतल्या, बायका मुलीचे केस घेतात तशा, पट्टीने आवळल्या आणि भोवतीने सीलंट भरलं. मग त्यावरून ओलं बोट असं गोल फिरवलं, की केकवर क्रीम पसरावं. तविता आपलं काम सोडून बघायला आला.

"म्हाताऱ्या, हे झाकून टाकणार म्हणजे पाप आहे," तो म्हणाला.

"तू तुझ्या भिंतीकडे बघ. तिला उलटी झालीय."

चहाच्या सुट्टीनंतर तपासणी. नरेल भिंतीच्या मागे स्टूलवर टॉर्च लावून ठेवायची आणि पुढे येऊन, डोळे अगदी जवळ नेऊन बघायची, कारण चष्मा अजून लाइलच्या नाकावर होता. तांब्याचा पाइप, उत्तम. प्लॅस्टिकचा, उत्तम. तारांच्या जुडग्यापाशी ती वाकली.

कडेने कुठेही फट नव्हती. पण जुडग्याच्या पोटात, तार आणि तार यांच्यामध्ये, टाचणीच्या डोक्याएवढे उजेडाचे ठिपके दिसत होते.

लाइल ठिपक्यांकडे बघत नव्हता. तिच्या तोंडाकडे बघत होता.

"तारा मोकळ्या केल्या नाहीस," ती हळू म्हणाली.

"मोकळ्या कशाला करायच्या? आवळून करतो मी. नेहमीच."

"जुन्या मालाला चालायचं, तो फुगून आत शिरायचा. हा फुगत नाही. याला प्रत्येक दोन तारांच्या मध्ये भरावं लागतं."

"चित्र तेच आहे."

"हो. चित्र तेच आहे."

ट्यूब तीच, रंग तोच, कंपनीने चित्रसुद्धा बदललं नव्हतं. बदललं होतं ते चित्राखालच्या चार ओळींत. आग त्या ठिपक्यांतून शिरली असती, तारांचं प्लॅस्टिक वातीसारखं पेटलं असतं, आणि लाइलची सुंदर कड जागच्या जागी शाबूत राहिली असती, जळक्या खोलीच्या भिंतीवर.

टॉर्च विझवायला एक बोट पुरतं. कॉर्मॅक पलीकडे कुणाला तरी पकवत होता, बाकीचे खिम्याच्या पॅटिसांवर सॉस ओतत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. नरेलने मनात त्याला पास केलं, मग नापास केलं, मग पुन्हा पास केलं. तिला वाटलं, हा यापुढे ऐकेल माझं. आज घरी जाऊन मी वाचून दाखवीन, दर वेळी दाखवीन. आणि मग तिला दिसलं की तो मागणार नाही. आज एवढं समोर ठेवलं तरी मागितलं नाही, तर उद्या कुठून मागेल.

तिने "अपात्र" लिहिलं. पेन कागदात रुतलं.

"बरं," लाइल म्हणाला. त्याने तिचा चष्मा काढून, जळक्या बाहीने पुसून, तिला परत दिला. पास झालेल्या तवितासमोर हात केला, "अभिनंदन, हत्ती," म्हणाला, आणि बाहेर गेला.

सगळे गेल्यावर ती बाहेर आली. जॅकरांडाची जांभळी फुलं गाड्यांवर पडून उन्हात चिकटली होती. लाइलची गाडी तिथेच होती, काचा खाली. ती दुसऱ्या दाराने आत जाऊन बसली. दोघं समोरच्या पत्र्याकडे बघत होती.

"सही केली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"मग बंबाचा भोंगा वाजला की दर वेळी मला तू आठवला असतास. मला तू तसा आठवायला नको आहेस."

तो नाकातून हसला. हसू पुढे गेलं नाही. कचऱ्याच्या डब्यात एक आयबिस पक्षी लांब बाकदार चोच घालून उभा होता, लाइलने त्याच्याकडे बघत विचारलं, "आहे काय त्या चार ओळींत?"

तिने पत्रक काढलं आणि वाचलं. तारा सुट्या कराव्यात. प्रत्येक तारेभोवती सीलंट पूर्ण खोलीपर्यंत भरावं. एकत्र बांधलेल्या तारांसाठी हा माल वापरू नये.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. तो ओठ हलवत म्हणत होता. आता ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नसतं.

"माल कधी बदलला यांनी?"

"दोन वर्षं होत आली."

चाक धरलेले त्याचे हात तसेच राहिले, पण नरेलला वाटलं की माणूस त्या हातांतून निघून गेलाय.

"ग्लेंडाचं कळलं तेव्हाच," तो शेवटी म्हणाला. "नवं पत्रक आलं होतं. मी नेलं होतं घरी. पण औषधांनी तिचं तोंड आतून सोलवटलं होतं गं. पाणी पिताना डोळ्यांत पाणी यायचं. तिला काय वाच म्हणणार? मी बघितलं, चित्र तेच होतं. म्हटलं, झालं."

नरेलने पत्रक मांडीवर सपाट केलं.

"त्यानंतर सगळीकडे हाच माल वापरला मी. नदीकाठचे फ्लॅट. ती शाळा, तिचा हॉल. म्हाताऱ्यांचा आश्रम."

"छत लागलं?"

"सगळीकडे लागलं. माणसं राहतात."

"कळवलंस तर सगळं उघडायला लावतील, लाइल. फेब्रुवारीच्या परीक्षेला बसून मग काही उपयोग नाही. नाव गेलं की..."

"वाचता येत नाही, गणित येतं मला."

त्याने हात लांब करून तिच्या मांडीवरचं पेन उचललं, जरा वेळ धरलं आणि परत तिच्याच हातात दिलं.

"तू लिही, मी सांगतो. आणि का झालं तेही लिही, सरळ लिही, लपवू नकोस. सही मी करीन, सही येते मला."

तिने पत्रक उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. "कुठून सुरू करू? फ्लॅट मोठे आहेत."

"आधी म्हाताऱ्यांचं लिही," लाइल म्हणाला. "त्यांना पळता येत नाही."