उलट्या पावलांची गल्ली

मित्रांनो, मी दोर वळायचा एक जुना रहाट आहे. माझ्या मधोमध भोक दिसतं ना? तिथे माझा लोखंडी दांडा होता. तो आता पोलीस ठाण्यात आहे, मुकादमाच्या रक्तासकट.

सुताराने मला टणक लाकडातून घडवलं. सून माझा दांडा फिरवी आणि तिचे सासरे, आप्पा, कमरेला ताग गुंडाळून एकेक पाऊल मागे सरकत दोर वळत. मागे बघायची गरजच नव्हती. गल्ली त्यांच्या पायांना पाठ होती. आमच्या दोराने नावा बांधल्या, बैल आवरले. लोक वाखाणत.

मग नगरपालिकेत गल्ली सुंदर करायचं ठरलं. मधोमध कारंजं! नकाशा काढणारे साहेब आले बाजाराच्या दिवशी. सगळी गल्ली दोर विकायला गेलेली. रिकामी जागा बघून ते खूश झाले. पुढच्या बाजारी मजुरांनी खड्डा खणला, तळाशी सळया रोवल्या, वर मातकट ताडपत्री अंथरली. गल्ली बाजारातून परतली तेव्हा काळोख पडला होता, कुणाला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आप्पा मागे सरकू लागले. टाचेखाली ताडपत्री खचली.

"आप्पा, थांबा!" सून किंचाळली.

दोराला हिसका बसला, मी उपडा झालो. सळई आप्पांच्या मांडीतून आरपार गेली होती. असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

कामावर येत असलेला मजुरांचा मुकादम धावत आला. घाबरून भलतंच बोलून गेला, "उलटं कशाला चालायचं म्हणतो मी?"

आप्पांच्या मुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने माझा दांडा उपसला आणि मुकादमाच्या तोंडावर हाणला. डोळा फुटला. मजूर फावडी घेऊन धावले, गल्लीने दगड उचलले. दात पडले, बोटं ठेचली. सोडवायला गेलेल्या चहावाल्याचंही डोकं फुटलं. मुकादम बिचारा हुकमाचा ताबेदार, नकाशा काही त्याने काढला नव्हता. पण मार त्यानेच खाल्ला.

आप्पांचा पाय कापला. मुलगा तुरुंगात गेला. कारंजं मात्र झालं, आणि मी त्याच्या कडेला धूळ खात पडलो.

उद्घाटनाला साहेब आले. सुनेला म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं काय होतं?"

"जरा उलटं चालून दाखवा, साहेब."

साहेब दोन पावलं मागे सरले आणि दचकून वळून बघू लागले.

"बघितलंत ना मागे?" सून म्हणाली. "आमच्या आप्पांना कधी बघावं लागलं नव्हतं."

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, नकाशे काढाल. कुणाच्या दारात कुदळ मारण्याआधी ते दार एकदा वाजवा. घरात कुणी नसेल, तर परत या.